एफ. ए. चषक फुटबॉल स्पर्धा, १९४५–४६

इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशन या नियामक संस्थेतर्फे बाद पद्धतीने भरविण्यात येणाऱ्या राष्ट्रीय फुटबॉल चषक स्पर्धेचा ६५ वा हंगाम. दुसऱ्या महायुद्धामुळे सहा हंगाम खंडित झालेली ही स्पर्धा या हंगामात पुन्हा सुरू झाली. अंतिम सामना २७ एप्रिल १९४६ रोजी लंडनमधील वेंब्ली क्रीडांगणावर झाला व त्यात डर्बी काउंटी संघाने चार्लटन ॲथलेटिक संघाचा जादा वेळेत ४–१ असा पराभव केला. मुख्य स्पर्धेच्या पहिल्या सहा फेऱ्यांतील लढतींचा निर्णय दोन-दोन सामन्यांतील गोलांच्या बेरजेवर करण्याची पद्धती या स्पर्धेत केवळ याच हंगामात अवलंबिण्यात आली. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टन येथील बर्न्डन पार्क क्रीडांगणावर सहाव्या फेरीच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन ३३ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. युद्धोत्तर फुटबॉलच्या पुनरारंभाचा हंगाम म्हणून तो महत्त्वाचा आहेच. तथापि क्रीडांगणावरील गर्दीच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्याने प्रथमच निश्चित स्वरूपात मांडला, हे त्याचे अधिक टिकाऊ महत्त्व होय.

पार्श्वभूमी : एफ. ए. चषक स्पर्धा ही ⇨ फुटबॉल या खेळातील जगातील सर्वांत जुनी राष्ट्रीय स्पर्धा मानली जाते. असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स ऑल्कॉक यांच्या सूचनेवरून ती १८७१–७२ मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१९ या काळात ती बंद होती. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९–४० च्या हंगामाच्या प्राथमिक फेऱ्या अर्ध्यावर सोडून देण्यात आल्या. तत्पूर्वी १९३९ च्या अंतिम सामन्यात पोर्टस्मथ संघाने वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सला ४–१ असे हरविले होते. त्यामुळे विजेतेपदाचा चषक सुमारे सात वर्षे पोर्टस्मथकडेच राहिला.

युद्धकाळात बरेचसे खेळाडू सैन्यात किंवा युद्धसामग्रीच्या कारखान्यांत दाखल झाले. अनेक क्रीडांगणे सरकारने ताब्यात घेतली, तर काही बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. मार्च १९४१ मधील हवाई हल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड क्रीडांगणाची मोठी हानी झाल्याने मँचेस्टर युनायटेडला आपले सामने शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मेन रोड क्रीडांगणावर खेळावे लागत. आर्सेनलचे हायबरी क्रीडांगण नागरी संरक्षणदलाच्या कामासाठी वापरले जाई. १९४५ मध्ये युद्ध संपले, तरी खेळाडूंची सैन्यातून मुक्तता सावकाश होत होती व प्रवासाची साधने अपुरी होती. परिणामी राष्ट्रीय स्वरूपाची फुटबॉल लीग स्पर्धा १९४६–४७ पर्यंत लांबणीवर पडली आणि १९४५–४६ मध्ये लीगचे सामने प्रादेशिक गट पाडून खेळविण्यात आले. साहजिकच देशभरातील संघांना एकत्र आणणारी या हंगामातील एकमेव प्रमुख स्पर्धा म्हणजे एफ. ए. चषक हीच होती.

प्रेक्षकांची ओढ किती तीव्र होती, याची कल्पना स्पर्धेच्या मुख्य फेऱ्या सुरू होण्यापूर्वीच आली होती. १३ नोव्हेंबर १९४५ रोजी मॉस्कोचा डायनॅमो संघ आणि चेल्सी यांच्यात लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज क्रीडांगणावर मैत्रीचा सामना झाला, त्या वेळी गर्दी आसने व पायऱ्या व्यापून थेट मैदानाच्या सीमारेषेपर्यंत पोहोचली होती. शिधावाटप चालू होते, करमणुकीची साधने थोडी होती आणि सहा वर्षे दबलेली हौस मोकळी होत होती. क्रीडांगणे मात्र युद्धापूर्वी होती तशीच किंवा त्याहूनही वाईट अवस्थेत होती.

स्पर्धेची रचना : बाद पद्धतीत एका पराभवाने संघाचे स्पर्धेतील आव्हान संपुष्टात येते. लहान संघाने एकाच दिवशी बलाढ्य संघाला नमविण्याची शक्यता हेच या स्पर्धेचे मुख्य आकर्षण समजले जाते. १९४५–४६ मध्ये मुख्य स्पर्धेची पहिली फेरी ते सहावी (उपांत्यपूर्व) फेरी या टप्प्यात प्रत्येक लढतीचे दोन सामने, दोन्ही संघांच्या मैदानांवर एकेक असे, खेळविण्यात आले. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज ज्याची अधिक, तो संघ पुढील फेरीत जाई. उपांत्य व अंतिम फेऱ्यांत मात्र पूर्वीप्रमाणेच एका सामन्याची पद्धती ठेवण्यात आली. युद्धकाळात लीगने भरविलेल्या युद्ध चषक स्पर्धेमुळे दोन सामन्यांची पद्धती संघांच्या परिचयाची झालेली होती. पूर्ण स्वरूपाच्या लीगअभावी संघांना अधिक सामने आणि त्यांबरोबर प्रवेशशुल्काचे उत्पन्न मिळावे, हा या बदलामागील प्रमुख हेतू होता.

या पद्धतीने स्पर्धेचे स्वरूपच बदलले. एका पराभवाची भरपाई करता येऊ लागली. चौथ्या फेरीत ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू संघ स्वतःच्या मैदानावर मँचेस्टर सिटीकडून १–३ असा हरला. परंतु नंतर मेन रोडवर त्याने सिटीला ८–२ असे पराभूत करून लढत जिंकली. उलट तिसऱ्या फेरीत आर्सेनलला वेस्ट हॅम युनायटेडकडून पहिल्या सामन्यात ०–६ असा पराभव पतकरावा लागल्याने दुसऱ्या सामन्यातील त्याचा १–० हा विजय निरुपयोगी ठरला. याच फेरीत पोर्टस्मथला बर्मिंगहॅम सिटीने स्पर्धेबाहेर घालविले. पुढील वर्षापासून स्पर्धा पुन्हा एका सामन्याच्या पद्धतीने खेळविण्यात येऊ लागली.

अंतिम फेरीपर्यंतची वाटचाल : डर्बी काउंटीची भिस्त मुख्यतः रेच कार्टर व पीटर डॉहर्टी या दोन आघाडीच्या खेळाडूंवर होती. कार्टर हे १९३७ मध्ये चषक जिंकणाऱ्या संडरलंड संघाचे कर्णधार होते. डॉहर्टी हे उत्तर आयर्लंडचे असून मँचेस्टर सिटीकडून खेळत. युद्धकाळात दोघेही शाही हवाई दलात होते आणि १९४५ च्या अखेरीस दोघेही डर्बीत दाखल झाले. कार्टर यांची अचूक चेंडूफेक आणि डॉहर्टी यांची मैदानभर अखंड चालणारी धावपळ यांचा सुरेख मेळ जमला. डर्बीने लूटन टाउनला ६–० व ३–०, वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियनला १–० व ३–१ आणि ब्रायटनला ४–१ व ६–० असे हरविले. सहाव्या फेरीत ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर तो ४–३ असा जिंकला. या सामन्यास ७६,५८८ प्रेक्षक उपस्थित होते व व्हिला पार्कवरील प्रेक्षकसंख्येचा तो उच्चांक ठरला. दुसरा सामना १–१ असा बरोबरीत सुटला. उपांत्य फेरीत बर्मिंगहॅम सिटीशी शेफील्डच्या हिल्सबरो क्रीडांगणावर १–१ अशी बरोबरी झाल्यावर पुन्हा घेण्यात आलेला सामना डर्बीने मेन रोडवर जादा वेळेत ४–० असा जिंकला. कामाच्या दिवशी झालेल्या या सामन्यासही ८०,४०७ प्रेक्षक जमले होते.

चार्लटन ॲथलेटिक हा आग्नेय लंडनमधील संघ. व्यवस्थापक जिमी सीड यांनी तो तिसऱ्या विभागातून पहिल्या विभागात आणला होता. तिसऱ्या फेरीत त्याने फुलमला ३–१ असे हरविले व दुसऱ्या सामन्यात १–२ अशी हार खाल्ली. बेरजेने तो ४–३ असा पुढे गेला. अशा रीतीने एक सामना हरूनही अंतिम फेरी गाठणारा तो या स्पर्धेतील पहिला संघ ठरला. त्यानंतर त्याने वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, प्रेस्टन नॉर्थ एंड व ब्रेंटफर्ड या संघांना मागे टाकले. उपांत्य फेरीत त्याची गाठ बोल्टन वाँडरर्सशी पडली.

बर्न्डन पार्क दुर्घटना : सहाव्या फेरीत बोल्टन वाँडरर्सने स्टोक सिटीला स्टोकच्या मैदानावर २–० असे हरविले होते. दुसरा सामना ९ मार्च १९४६ रोजी, शनिवारी, बर्न्डन पार्कवर व्हावयाचा होता. स्टोककडून स्टॅन्ली मॅथ्यूज हे त्या काळचे सर्वांत लोकप्रिय खेळाडू खेळणार असल्याने सामन्याबद्दल विशेष उत्सुकता होती.

मैदानाच्या एका गोलामागे लोहमार्गाला लागून मातीचा भराव होता व त्यावर उभ्याने सामना पाहण्यासाठी ओबडधोबड पायऱ्या होत्या. या बाजूस पूर्वी दोन्ही टोकांकडून प्रवेश करता येत असे. तथापि पूर्वेकडील प्रेक्षकसज्जा सरकारच्या पुरवठा खात्याने युद्धकाळात साठवणीसाठी घेतला होता व त्या बाजूची, प्रेक्षकांना एकेक करून आत सोडणारी फिरती फाटके १९४० पासून बंद होती. त्यामुळे भरावावर येणारा सर्व लोंढा पश्चिमेकडील कोपऱ्यातूनच आत शिरू लागला. आत आलेल्यांना पूर्वेकडील मोकळ्या जागेकडे सरकण्यास सोपी वाट नव्हती आणि मागून येणाऱ्यांचा रेटा वाढत होता. दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी फिरती फाटके बंद करण्यात आली. पण बाहेरची गर्दी हटली नाही. काही लोक लोहमार्गाच्या बाजूने कुंपण ओलांडून, तर काही भिंतीवरून चढून आत आले. दाटी असह्य होऊन आपल्या लहान मुलासह बाहेर पडू पाहणाऱ्या एका प्रेक्षकाने बंद फाटकाचे कुलूप उघडले. तेव्हा त्या वाटेने लोक बाहेर पडण्याऐवजी बाहेरचाच जमाव आत घुसला.

खेळ सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळात कोपऱ्यातील निशाणाजवळचे दोन लोखंडी कठडे दाबाने मोडले. कठड्यांना रेललेले लोक पुढे कोसळले आणि त्यांच्यावर मागचे लोक पडत गेले. बहुतेक मृत्यू छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यामुळे झाले. मृतांची संख्या ३३ असून जखमी शेकड्यांनी मोजले गेले. एका पोलीस अधिकाऱ्याने सूचना देताच पंच जॉर्ज डटन यांनी बाराव्या मिनिटाच्या सुमारास खेळ थांबविला व खेळाडूंना आत नेले. मृतदेह सीमारेषेलगत ठेवून ते कोटांनी झाकण्यात आले. मैदानाच्या इतर भागांतील हजारो प्रेक्षकांना काय घडले, याची कल्पनाही नव्हती. सामना रद्द केल्यास गोंधळ वाढेल, या भीतीने सुमारे अर्ध्या तासाने खेळ पुन्हा सुरू करण्यात आला. त्यासाठी लाकडाचा भुसा टाकून नवी सीमारेषा आखण्यात आली. मध्यंतराची विश्रांती न घेता संघांनी केवळ बाजू बदलल्या. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि बेरजेच्या बळावर बोल्टन उपांत्य फेरीत गेला. दोन आठवड्यांनी व्हिला पार्कवर त्याला चार्लटनने २–० असे हरविले. दोन्ही गोल ख्रिस डफी यांनी केले. दुर्घटनाग्रस्तांच्या साहाय्यनिधीसाठी २४ ऑगस्ट १९४६ रोजी मेन रोडवर इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात सामना खेळविण्यात आला. तो २–२ असा बरोबरीत सुटला.

अंतिम सामना : वेंब्लीवरील या सामन्यास सुमारे ९८,००० प्रेक्षक उपस्थित होते. जॅक निकोलस हे डर्बीचे कर्णधार होते. यापूर्वी १८९८, १८९९ व १९०३ असे तीनदा डर्बीचा संघ अंतिम सामन्यात पराभूत झाला होता. क्लबच्या बेसबॉल ग्राउंड या मैदानाच्या जागेवरून हुसकावलेल्या जिप्सींनी संघाला शाप दिला, अशी आख्यायिका डर्बीत प्रचलित होती. सामन्यापूर्वी निकोलस यांनी जिप्सींना भेटून तो शाप उतरवून घेतल्याचे सांगितले जाते.

दीर्घकाळ गोलशून्य राहिलेल्या सामन्यात ८५ व्या मिनिटास डर्बीच्या डॅली डंकन यांनी मारलेला चेंडू चार्लटनच्या बर्ट टर्नर यांना लागून त्यांच्याच गोलात गेला. लगेच पुढच्या मिनिटाला टर्नर यांनी मारलेली फ्री किक डॉहर्टी यांना चाटून डर्बीच्या गोलात शिरली व बरोबरी झाली. अशा प्रकारे एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंनी गोल नोंदविणारे टर्नर हे पहिले खेळाडू ठरले. त्यांचे वय त्या वेळी ३६ वर्षांचे होते. निर्धारित वेळ संपत आली असता डर्बीच्या जॅक स्टॅम्प्स यांनी गोलाच्या दिशेने मारलेला चेंडू वाटेतच फुटला आणि चार्लटनचे गोलरक्षक सॅम बार्ट्रम यांनी तो सहज अडविला. जादा वेळेत मात्र डर्बीने पूर्ण वर्चस्व गाजविले. डॉहर्टी यांनी एक व स्टॅम्प्स यांनी दोन गोल करून विजय निश्चित केला. डर्बीने स्पर्धेतील ११ सामन्यांत एकूण ३७ गोल केले. या संघाने हा चषक जिंकल्याचा हा एकमेव प्रसंग होय. दुसऱ्या महायुद्धापूर्वी व नंतरही विजेतेपदाचे पदक मिळविणारे कार्टर हे एकमेव खेळाडू होत.

युद्धोत्तर टंचाईच्या खुणा या सामन्यातही दिसतात. सोन्याच्या तुटवड्यामुळे खेळाडूंना त्या दिवशी काशाची पदके देण्यात आली व सुवर्णपदके मागाहून मिळाली. चेंडू फुटण्याचे कारणही त्या काळच्या हलक्या प्रतीच्या कातड्यात शोधले जाते. १९४७ च्या अंतिम सामन्यातही चेंडू फुटला. त्यात चार्लटनने बर्न्लीला जादा वेळेत १–० असे हरवून आदल्या वर्षीचे अपयश धुऊन काढले. तो गोलही डफी यांचाच होता.

चौकशी व परिणाम : बर्न्डन पार्क दुर्घटनेच्या चौकशीसाठी गृहमंत्री जेम्स चूटर ईड यांनी कायदेपंडित आर. मोएल्विन ह्यूझ यांची नियुक्ती केली. त्यांचा अहवाल १९४६ मध्येच प्रसिद्ध झाला. दुर्घटनेच्या दिवशी फिरत्या फाटकांतून ६५,४१९ प्रेक्षक आत आल्याची नोंद होती. अवैधपणे शिरलेल्यांची संख्या त्याहून वेगळी. मात्र याच क्रीडांगणावर १९३३ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धच्या चषक-सामन्यास ६९,९१२ प्रेक्षक उपस्थित असूनही अशी घटना घडली नव्हती. यावरून क्रीडांगणाची एकूण क्षमता आणि त्याच्या प्रत्येक भागाची क्षमता या भिन्न गोष्टी आहेत, हे उघड होते. एका कोपऱ्यात जीवघेणी दाटी झालेली असताना दुसरीकडे जागा मोकळी असू शकते. शिवाय तो विशिष्ट भाग केव्हा भरला, हे ठरविण्याचे कोणतेही निश्चित साधन नव्हते. फाटके बंद करण्याचा निर्णय केवळ नजरेच्या अंदाजावर अवलंबून असे.

यावर अहवालाने पुढील उपाय सुचविले : प्रत्येक भागाची तज्ञांकडून पाहणी करून तेथील कमाल प्रेक्षकसंख्या शास्त्रीय पद्धतीने ठरवावी, फिरत्या फाटकांवरील मोजणी यांत्रिक साधनांनी एकत्र करून ती संख्या पूर्ण होताच प्रवेश थांबवावा, आणि मोठ्या क्रीडांगणांना परवाना घेणे कायद्याने सक्तीचे करावे. १९२३ च्या वेंब्लीवरील पहिल्या अंतिम सामन्यात गर्दीने मैदान व्यापल्यानंतर एडवर्ड शॉर्ट यांच्या समितीने १९२४ मध्ये अहवाल दिला होता. परंतु तिने सुधारणांचा भार प्रामुख्याने क्रीडासंस्थांवरच सोपविला होता. त्या १९२३ च्या सामन्यातील विजेता संघही बोल्टन वाँडरर्सच होता. ह्यूझ यांनी त्यापुढे जाऊन कायद्याची मागणी केली. सरकारने मात्र कायदा केला नाही. साहित्य व मनुष्यबळ यांच्या टंचाईच्या त्या काळात घरबांधणीसारखी कामे अधिक निकडीची होती, क्लबांना खर्चाचा बोजा नको होता आणि विक्रमी प्रेक्षकसंख्येमुळे खेळाची भरभराट होत होती. अखेर स्वेच्छेने परवाने घेण्याच्या व्यवस्थेवर समाधान मानण्यात आले.

पुढील घटनांनी या दिरंगाईची किंमत दाखवून दिली. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगो येथील आयब्रॉक्स क्रीडांगणावर जिन्यात चेंगरून ६६ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. त्यानंतर लॉर्ड व्हीटली यांच्या १९७२ च्या अहवालाच्या आधारे १९७५ मध्ये क्रीडांगण सुरक्षितता अधिनियम संमत झाला. मोठ्या क्रीडांगणांना स्थानिक प्राधिकरणाकडून सुरक्षितता प्रमाणपत्र घेण्याचे बंधन त्याने घातले. म्हणजेच १९४६ मध्ये सुचविलेले तत्त्व कायद्यात येण्यास २९ वर्षे लागली. कायदा होऊनही त्याची अंमलबजावणी अपुरी राहिली. १५ एप्रिल १९८९ रोजी एफ. ए. चषकाच्याच उपांत्य सामन्यात हिल्सबरो क्रीडांगणावर चेंगराचेंगरी झाली व तीत एकूण ९७ जणांचा मृत्यू झाला. तेथेही मधले कप्पे दाटीने भरलेले असताना शेजारच्या कप्प्यांत जागा शिल्लक होती. बाहेरची गर्दी कमी करण्यासाठी उघडलेल्या फाटकातून लोंढा त्याच मधल्या कप्प्यांकडे गेला. ४३ वर्षांपूर्वी बोल्टनला जे घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. न्यायमूर्ती टेलर यांचा १९९० मधील अंतिम अहवाल हा फुटबॉल क्रीडांगणांवरील सुरक्षिततेविषयीचा नववा अधिकृत अहवाल होता. त्यानंतर इंग्लंडमधील वरच्या विभागांच्या क्रीडांगणांवर सर्व प्रेक्षकांना आसने पुरविण्याची सक्ती झाली.

बोल्टन वाँडरर्सने १९९७ मध्ये बर्न्डन पार्क सोडले व कालांतराने ते पाडून टाकण्यात आले. त्या जागी पुढे उभ्या राहिलेल्या बाजारपेठेच्या इमारतीवर १९४६ च्या मृतांचा स्मृतिफलक बसविण्यात आला. डर्बीचा विजय व फुटलेला चेंडू यांमुळे हा हंगाम क्रीडारसिकांच्या स्मरणात राहिला. ह्यूझ यांचा अहवाल मात्र मोठी गर्दी जमणाऱ्या कोणत्याही स्थळाच्या आखणीस आजही मार्गदर्शक ठरतो.